चार तासांच्या आत

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक बाई दात करायची. खरे नव्हेत, कवळीचे. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि ते माप मागे पाठवायचे. ही त्यात प्लॅस्टर ओतायची, साचा काढायची, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात रोवत जायची, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी चाकावर घासून चकचकीत करायची. पेशंट तिला दिसत नसत आणि ती पेशंटना. रस्त्यात एखादा म्हातारा शेजारच्याशी बोलताना तोंडभर हसला की ती त्याला ओळखायची, तेही बत्तीशीवरून, आणि मान खाली घालून पुढे निघून जायची. ओळख सांगणार तरी काय? ‘तुमचे दात माझ्या हातचे’ एवढ्यावर कुणाकडे चहाला जाता येत नाही.

तिला घरात आणि इमारतीत सगळे भिंगरी म्हणत. हे नाव आईने ठेवलेलं. लहानपणी पायाला भिंगरी लागल्यासारखी ती घरभर, जिनाभर फिरायची म्हणून. पुढे ती पन्नाशीला टेकली, कानशिलांवर केस पिकले, तरी भिंगरीच राहिली. गंमत अशी की या भिंगरीचं सगळं आयुष्य घराच्या दोन खोल्या आणि दवाखान्याची ती एक खोली यांतच गेलं. लग्न एकदा जमत आलं होतं, ते बारगळलं. वडील लवकर गेले. दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. मागे उरल्या मायलेकी दोघीच.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा भिंगरीने चाळिशी ओलांडली होती. आईची डावी बाजू लुळी पडली, तोंड किंचित वाकडं झालं, पण जिभेची धार होती तशीच राहिली. तिला उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची, न्हाऊ घालायचं, हे सगळं कामावर जायच्या आधी आणि आल्यानंतर; दिवसा तेवढी एक पगारी बाई असायची. वर्षभरात भिंगरीची कंबर धरली. एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि तिच्याकडे नीट बघून म्हणाल्या, “तू तासभर बाहेर जाऊन ये. आईजवळ मी बसते.”

“तुम्हाला कशाला उगीच त्रास, काकू?”

“त्रास आत्ताच परवडला. उद्या तूही आडवी झालीस तर मला दोघींजवळ बसावं लागेल.”

काकू एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या स्वतःचा कप हातात घेऊन वर यायच्या, भिंगरी चहा ओतून द्यायची आणि निघायची. आधी ती नुसती चालायची. मग तिच्या लक्षात आलं की तासाभरात चालून जेवढं जग दिसतं त्याच्या दुप्पट धावून दिसतं. म्हणून ती धावायला लागली. कुणी शिकवलं नाही, कुठल्या क्लबात नाव घातलं नाही. जुने कॅनव्हासचे बूट घालून बाग, शाळा आणि गोदामांची लांब भिंत अशा फेऱ्या मारायची. इमारतीची गच्ची दिसेनाशी होईल इतक्या लांब मात्र ती कधी गेली नाही. घरी काही झालंच तर? काकूंनी गच्चीवरून हाक मारली तर? खरं म्हणजे काकूंच्या गुडघ्यांना गच्ची झेपणारी नव्हती, पण मनाला हे कोण सांगणार.

आणि घरी आई वाट बघत असायची. भिंगरीने कुलपात किल्ली फिरवली रे फिरवली की आतून आवाज यायचा, “आलीस? किती उशीर!” घड्याळ पलंगासमोरच्याच भिंतीवर होतं. एका डोळ्याने आई ते बघत असणार, असं भिंगरीला धावताना सारखं वाटायचं, आणि परतीच्या फेरीत तिचे पाय आपोआप झपझप पडायचे. तिला वेग आला तो असा.

काही वर्षांनी शहरातल्या मॅरेथॉनमध्ये तिने नाव दिलं. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही, दादाशी फोनवर ओझरतं बोलली. आईला मात्र सांगणं भागच होतं.

“किती वेळ लागेल?” आईने विचारलं.

“चार तास.”

“एवढा वेळ पळणार? कुणी मागे लागलंय का?”

त्या शर्यतीत तिला चार तास आणि वर सहा मिनिटं लागली. पहिल्यांदाच धावणाऱ्या, त्या वयाच्या बाईला हे उत्तम होतं आणि तिलाही तसंच वाटलं. तिथूनच तिने काकूंना फोन करून वेळ सांगितली, मग बस पकडून घरी आली. जिना चढताना पाय लटपटत होते, पण छाती फुगली होती. दार उघडून ती पलंगापाशी गेली, गळ्यातलं पदक आईच्या चांगल्या हातात ठेवलं. आईने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “चार म्हणाली होतीस.”

एवढंच. काकू खिडकीकडे तोंड करून हसल्या. भिंगरीही हसली. “बरं बाई, पुढच्या वर्षी चारच्या आत,” ती म्हणाली.

“बघू,” आई म्हणाली.

पण पुढचं वर्ष आईने बघितलं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी ती गेली. दादा आणि वहिनी आले, आठवडाभर राहिले, दादाने आईचा तो खालीवर होणारा पलंग एका रुग्णालयाला देऊन टाकला आणि जाताना म्हणाला, “आता जरा स्वतःसाठी जग.” भिंगरीने मान डोलावली. ते गेल्यावर ती रिकाम्या खोलीत बसून राहिली. पलंगाच्या पायांनी फरशीवर चार डाग पाडले होते. ते घासून निघाले नाहीत.

काकूंचं येणं थांबलं. त्यात कुणाचा राग-रुसवा नव्हता. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. जिन्यात भेट झाली तर “कशी आहेस?” “बरी आहे. तुम्ही?” “चाललंय,” एवढं बोलणं व्हायचं आणि दोघी आपापल्या मजल्यावर जायच्या.

भिंगरीला आता वेळच वेळ होता. सकाळ सगळी तिची, संध्याकाळ सगळी तिची, रविवार तर संपता संपत नसे. चारच्या आत यायचं, एवढं एकच काम तिच्याजवळ शिल्लक होतं, आणि त्याला ती हात धुऊन लागली. चांगले बूट आणले. मोबाईलवर बघून वेळापत्रक बसवलं: कधी लांब पळायचं, कधी जोरात, कधी नुसता आराम करायचा. लवकर जेवायची, लवकर झोपायची. केळी आणि उकडलेली अंडी यांवर जगायची. फेऱ्या मात्र त्याच होत्या. बाग, शाळा, गोदामांची भिंत. कुठेही जायला मोकळी होती, तरी पायांना दुसरी वाट माहीत नव्हती.

शर्यतीच्या सकाळी थंडी मी म्हणत होती. सुरुवातीच्या रेषेपाशी हजारो माणसं अंग चोळत, उड्या मारत उभी होती. बहुतेक जण घोळक्याने आलेले. एकमेकांचे फोटो काढत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. भिंगरी एका दिव्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या पुढे काही अंतरावर एक उंच माणूस पाठीला छोटा झेंडा बांधून उभा होता. झेंड्यावर लिहिलं होतं: चार तास. ज्यांना चार तासांत पोचायचंय त्यांनी याच्या मागे राहायचं, अशी आयोजकांनी केलेली सोय. झेंडेवाला मोठ्याने सांगत होता, “मला सोडून पुढे जायचं नाही. पहिला अर्धा भाग कंटाळा येईल इतका सावकाश. कळलं?”

भिंगरीला कळलं होतं. पण सुरुवातीलाच पाय इतके हलके पडायला लागले की तिलाच नवल वाटलं. वर्षभर वेळापत्रक पाळलं त्याचं चीज झालं, असं तिला वाटलं. पाचेक किलोमीटरवर ती झेंडेवाल्याच्या बरोबरीला आली, पुढे गेली. रस्त्याच्या कडेला एक कुटुंब टाळ्या वाजवत उभं होतं, त्यातली एक आजी तिच्याकडे बोट दाखवून ओरडली, “बघा बघा, ती बाई कशी पळतेय! वा गं वा!” कितीतरी महिन्यांत तिला कुणी ‘वा’ म्हटलं नव्हतं. तिने आणखी जोर लावला. तिथेच घात झाला.

अर्धं अंतर तिने मनातल्या हिशेबापेक्षा बरंच आधी काटलं. पुढे रस्ता एका उड्डाणपुलावर चढला. हा चढ नकाशात तिने बघितला होता, पण नकाशातला चढ आणि पायाखालचा चढ यांत फरक असतो, आणि गोदामांच्या भिंतीला काही चढ नव्हता. पुलावरून उतरली तेव्हा मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. बत्तिसाव्या किलोमीटरची पाटी दिसली. बत्तीस म्हणजे तिच्या धंद्यातला आकडा. एरवी तिला हसू आलं असतं. त्या पाटीपाशी तिच्या डाव्या पोटरीत गोळा आला आणि ती कठड्याला धरून उभी राहिली.

मागून पावलांचा एकसारखा आवाज आला. झेंडेवाला आणि त्याच्या मागची पंचवीसेक माणसं. त्याने जाता जाता तिला ओळखलं असावं. “या ताई, या! माझ्या मागे या!” तो ओरडला.

ती धावली. झेंड्यावर नजर रोखून, दात-ओठ खाऊन धावली. पण झेंडा काही तिचं ऐकेना. आधी तो हाताच्या अंतरावर होता, मग रस्त्याच्या रुंदीइतका लांब, मग पुढच्या सिग्नलपाशी, मग माणसांच्या डोक्यांवर नुसतं एक पांढरं टिकलीएवढं काहीतरी. एका वळणावर तो गेला आणि तिने वळण घेतलं तेव्हा पुढे लांबलचक सरळ रस्ता होता आणि त्यात झेंडा नव्हता. तिथे तिला समजलं की झालं. अजून बरंच अंतर बाकी होतं. ते तिने कधी चालत, कधी खुरडत, कधी धावल्यासारखं करत काटलं. जे हवं होतं ते गेलंय हे माहीत असताना पळत राहणं हा एक वेगळाच प्रकार असतो. अकरा मिनिटं वर गेली. गेल्या वेळेपेक्षाही पाच जास्त. आई होती, कंबर धरलेली होती, फाटके बूट होते, तेव्हापेक्षाही जास्त.

शेवटच्या रेषेपलीकडे एका मुलीने तिच्या गळ्यात पदक घातलं आणि ती लगेच मागच्या माणसाकडे वळली. पुढे बुटाच्या नाडीत ओवलेली, धावण्याची वेळ नोंदवणारी चकती परत द्यायची होती. भिंगरीला वाकता येईना. तिथल्या कामावरची एक जाडजूड, तिच्याच वयाची बाई म्हणाली, “उभ्या राहा, मी काढते,” आणि गुडघे टेकून खाली बसली. एका हाताने तिने भिंगरीचा घोटा धरला, दुसऱ्या हाताने नाडी सोडवली, चकती काढली, आणि नाडी पुन्हा नीट बांधून दिली. “घट्ट नाही ना झाली?” तिने वर बघून विचारलं.

भिंगरीने मान हलवली. दुसऱ्या माणसाचा हात लागून किती दिवस झाले होते, ते तिला तिथे, त्या गर्दीत उमगलं. तिचे डोळे भरून आले. बाईला वाटलं आनंदाने. “रडा रडा, सगळेच रडतात इथं,” ती म्हणाली आणि पुढच्या बुटाकडे सरकली.

घरी आल्यावर तिने पदक स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं, चहा केला आणि तो गार होईपर्यंत बघत बसली. फोन करायचा तर कुणाला? शेवटी घरच्यांच्या ग्रुपवर तिने लिहिलं, ‘शर्यत पूर्ण झाली.’ भाच्याने टाळ्यांची चित्रं धाडली. वहिनीने फुलांची. दादाचा फोनच आला.

“अगं, कमाल केलीस! किती वेळ लागला?”

“चार तास अकरा मिनिटं.”

“वा!”

“दादा, मला चारच्या आत यायचं होतं.”

“अगं, वयाच्या मानाने हे काय कमी आहे? आमच्या ऑफिसातली पोरं लिफ्ट बंद पडली तर सुट्टी टाकतात.” तो आपल्याच विनोदावर हसला. “पूर्ण केलीस ना, मग झालं तर!”

मग झालं तर. पुढचे आठ-पंधरा दिवस हे वाक्य तिला जिकडेतिकडे भेटत राहिलं. डॉक्टरांना कुठून तरी पत्ता लागला. त्यांनी आयोजकांच्या साइटवरून तिचा फोटो काढला, मोठा करून दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या मॅरेथॉन मॅडम’. इतकी वर्षं ज्या खोलीत कुणी डोकावलं नव्हतं तिथे पेशंट येऊन डोकावायला लागले. एक आजोबा तर तोंडातली कवळी काढून हातात घेऊन आले आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, “ही तुम्हीच केलीत होय? धावत धावत केलीत की काय?” सगळे खो खो हसले. तीही हसली. जन्मात पहिल्यांदा लोक तिच्याकडे बघत होते, आणि बघत होते ते जिथे ती हरली त्या गोष्टीसाठी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने डॉक्टरांजवळ पुन्हा प्रयत्न केला. “डॉक्टर, तो फोटो काढून टाका ना. मला जी वेळ हवी होती ती आली नाही.”

“काय बोलता मॅडम! मला चार जिने चढवत नाहीत!” डॉक्टर म्हणाले आणि डबा उघडून बसले.

त्यांचं काही चुकत नव्हतं. सगळे चांगलंच बोलत होते, आणि त्या चांगल्या बोलण्याखाली तिची ती अकरा मिनिटं गुदमरत होती. शर्यतीपायी कुणी मेलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं, नोकरी जागच्या जागी होती. मग हे दुःख म्हणून सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? तिने सांगणं सोडून दिलं. धावणंही सोडलं. बूट दारामागे गेले. सकाळी जाग यायची ती ठरल्या वेळीच. मग ती उशीला पाठ टेकवून भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकत बसायची.

तिच्या हातून कधी नाही ती चूक झाली. एका निवृत्त शिक्षिकेची कवळी परत आली. बोलताना टक् टक् वाजते म्हणून. दात मिलिमीटरभर उंच बसले होते. भिंगरीने ती कवळी हातात घेतली, प्रकाशात धरली आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. हे दात रोवल्याचं तिला आठवतच नव्हतं. तिने सगळं पुन्हा नव्याने करून दिलं. डॉक्टर रागावले नाहीत. “चार दिवस सुट्टी घ्या,” एवढंच म्हणाले. “इतक्या वर्षांत घेतलीय कुठं तुम्ही?”

सुट्टी म्हणजे चार दिवस दोन खोल्यांत. पहिल्याच सकाळी अकराच्या सुमाराला ती कचरा टाकायला खाली उतरली आणि काकूंचं दार उघडं दिसलं. काकू दारात स्टूल टाकून बसल्या होत्या, हातात तोच त्यांचा कप. रस्त्याकडे नव्हे, जिन्याकडे तोंड करून.

“आज कामावर नाही?” काकूंनी विचारलं.

“सुट्टी आहे.”

“पळायलाही जात नाहीस हल्ली. तुझ्या बुटांचा आवाज येत नाही सकाळी.”

भिंगरी कचऱ्याची पिशवी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “काकू, मला चारच्या आत यायचं होतं. नाही जमलं. अकरा मिनिटं वर गेली.”

काकूंनी कप खाली ठेवला. “म्हणजे मागच्यापेक्षा जास्त.”

“हो.”

“म्हणजे हरलीस.”

“हो.”

“वाईट झालं गं,” काकू म्हणाल्या. “वर्षभर मरमर केलीस. फार वाईट झालं.”

भिंगरी तिथेच पायरीवर बसली. तिला इतकं हलकं वाटलं की पिशवी हातातून कधी सुटली ते कळलं नाही. काकूंनी आत जाऊन दुसरा कप आणला. मग भिंगरी म्हणाली, “आईला म्हटलं होतं ना, चारच्या आत येईन म्हणून. ती घड्याळाकडे डोळे लावून बसायची. त्या दिवशीही पहिलं तेच बोलली, चार म्हणाली होतीस.”

काकूंनी तिच्याकडे विचित्र नजरेने बघितलं. “कोण घड्याळाकडे डोळे लावून बसायचं?”

“आई.”

“अगं, तुझी आई झोपायची! तू जिना उतरलीस की डोळे मिटायची, आणि तुझी किल्ली वाजली की उघडायची. आणि तिला त्या भिंतीवरचं घड्याळ दिसायचं कुठं? आजारपणानंतर तिला हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धूसर होतं. तुला काळजी नको म्हणून बोलली नाही कधी.”

“पण उशीर झाला म्हणायची रोज!”

“ते आईने म्हणायचंच असतं. लवकर आली असतीस तरी म्हणाली असती.”

“आणि शर्यतीच्या दिवशी?”

काकू जरा ओशाळल्या. “त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी तिला हलवून उठवलं. वेळ सांगितली. तिने विचारलं, चांगलं की वाईट? मी म्हटलं, चांगलंच आहे, पण चार म्हणाली होती, सहा मिनिटं जास्त लावली, आली की चिडव तिला. आम्ही दोघी हसलो. ती म्हणाली, बोलते तिला, नाहीतर डोक्यावर बसेल. मग तू यायच्या आत पुन्हा झोपली.” त्या थांबल्या. “मस्करी होती गं ती. तू एवढं मनावर घेशील असं कुणाला वाटलं होतं?”

भिंगरी कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिला हसू येत होतं आणि छातीत काहीतरी खचतही होतं. इतकी वर्षं जी नजर पाठीवर घेऊन ती धावली ती नजर मिटलेली होती. कुणी वाट बघत नव्हतं. आईच्या पलंगापाशी धापा टाकत पोचायची, तेव्हा आई नुकती जागी होऊन गालात जीभ घोळवत असायची. आता आठवून बघितलं तर तिच्या गालावर उशीच्या सुरकुत्याही दिसायच्या. भिंगरीने त्या रोज बघितल्या होत्या.

“मग तुम्ही रोज काय करायचात तासभर? ती झोपलेली असताना?”

“बसायची,” काकू म्हणाल्या. “तिचं घोरणं ऐकायची. चहा प्यायची. तू घाम पुसत यायचीस, दोन शब्द बोलायचीस. मग खाली यायची. बाकीचा दिवस असाच जायचा, पण तेवढा तास बरा जायचा.”

त्या हे अगदी सहज बोलल्या, तक्रारीच्या सुरात नाही. भिंगरीला आठवलं की आई गेल्यापासून आपण यांना एकदाही वर बोलावलं नाही. वेळ नव्हता असं म्हणायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा काकूंच्या दारात व्हायला लागला. भिंगरी पुन्हा धावायला लागली, आधी थोडं, मग जास्त. ते चार तास मात्र तिला पुढेही जमले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. नंतरच्या शर्यतीत ती झेंडेवाल्याच्या मागे शहाण्यासारखी राहिली, तरीही शेवटी तो सुटलाच. त्या संध्याकाळीही तिला वाईट वाटलं. पण तेव्हा कुणी ‘मग झालं तर’ म्हटलं की ती म्हणायची, “नाही झालं,” आणि समोरचा गप्प बसला तर त्याला बसू द्यायची.

या शर्यतीच्या आधीच काकू गेल्या होत्या. गेल्या म्हणजे मुलीकडे, कायमच्या राहायला. गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला, मुलीने गाडी पाठवली. सामान बांधायला भिंगरीने एक रविवार दिला. भांडी कागदात गुंडाळताना काकू सारख्या म्हणत होत्या, “तू ये गं तिकडे,” आणि भिंगरी म्हणत होती, “येईन ना.” गाडी निघाली तेव्हा काकूंनी खिडकीची काच खाली केली, काहीतरी बोलल्या, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. भिंगरीने कळल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती उठली, एकटीनेच चहा घेतला, बूट घातले आणि खाली उतरली. काकूंच्या दाराला कुलूप होतं. ती बागेवरून गेली, शाळेवरून गेली, गोदामांची भिंत संपते तिथे आली. इथून ती नेहमी वळायची. त्या दिवशी वळावंसं वाटलं नाही. ती सरळ गेली.

पुढे सिमेंटचे मोठमोठे नळ रचून ठेवलेलं एक मैदान लागलं. मग रोपांची एक नर्सरी, तिथला माणूस पाइपने पाणी मारत होता. मग रेल्वेचं फाटक, मग नदीवरचा अरुंद पूल. मागे वळून बघितलं तर इमारतीची गच्ची कुठे दिसत नव्हती. सगळ्याच गच्च्या सारख्या झाल्या होत्या. ती घाबरली, तरी धावत राहिली, आणि काही वेळाने भीती विरली. पूल ओलांडल्यावर घरं विरळ झाली. शेवटी ती एका बस डेपोपाशी पोचली. त्या जागेचं नाव तिने आयुष्यभर बसच्या पाट्यांवर वाचलं होतं. जागा कधी बघितली नव्हती. दोन टपऱ्या, एक नळ, आणि उन्हात झोपलेला कुत्रा.

परत धावत जायचं त्राण नव्हतं. ती नळाचं पाणी प्यायली आणि सुटणाऱ्या बसमध्ये चढली. कामावर निघालेल्या लोकांनी बस भरलेली होती. इस्त्रीचे कपडे, डबे, पावडरचे वास, आणि त्यात ही घामाने निथळणारी. खिडकीशी बसलेल्या एका बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

“पळत आलात?”

“हो.”

“कुठून?”

भिंगरीने सांगितलं. बाईचे डोळे मोठे झाले. “अगंबाई! एवढ्या लांबून! इकडे कोण असतं तुमचं?”

“कुणी नाही.”

“मग?”

भिंगरी हसली. बाई उठून उभी राहिली. “बसा तुम्ही. मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय,” ती म्हणाली.

भिंगरी खिडकीशी बसली. बस पुलावर चढली. खाली नदी होती आणि तिच्या काठाने एक कच्चा रस्ता लांबवर गेलेला होता. तो कुठे जातो हे तिला ठाऊक नव्हतं. ती मान वळवून, तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. दवाखान्यात पोचायला तिला त्या दिवशी चांगलाच उशीर झाला.